कोण आठवण काढतंय?

— बी. कॉम., तृतीय वर्ष

गणेशचतुर्थी दोन दिवसांवर आली होती. २०२४ सालची गोष्ट. बाबांना सकाळपासून उचकी लागली होती. साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला, आईने मध चाटवला, तरी उचकी काही थांबेना. आजी ओसरीवर वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "कोण एवढी आठवण काढायलंय रे तुझी?" मग घरात नेहमीचा खेळ सुरू झाला. एकेकाचे नाव घ्यायचे आणि उचकी थांबते का ते पाहायचे. आत्याचे नाव घेतले, मुंबईच्या काकांचे घेतले. माझ्या धाकट्या भावाने सोसायटीच्या सेक्रेटरीचे नाव घेतले तेव्हा बाबासुद्धा हसले, कारण पीककर्जाचा हप्ता राहिला होता. पण उचकी थांबली नाही. गणपतीच्या आरतीतही ती चालूच होती.

आज मला ठाऊक आहे की त्या दिवशी बाबांची आठवण कोणीही काढत नव्हते. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती, रक्तात साठलेली घाण शरीराला सोसवत नव्हती, आणि उचकी हे त्याचेच एक लक्षण होते. तसे पाहिले तर लक्षणे त्याआधीही दिसत होती. संध्याकाळी पाय सुजत. आम्ही म्हणालो, दिवसभर भाताच्या चिखलात उभे राहिल्यावर सुजणारच. जेवण जाईना, आजी म्हणाली, पित्त झालंय. अंगाला खाज सुटे. ती उष्णता ठरली. आमच्या घरात प्रत्येक लक्षणाला उत्तर तयार होते, आणि प्रत्येक उत्तर मायेने दिलेले होते. म्हणूनच कोणाला संशय आला नाही.

मॅगझिनसाठी काहीतरी लिही असे सरांनी सांगितले तेव्हा प्रथम बँकिंगवर लिहावे असे मनात आले होते. परंतु गेले काही महिने मी वाणिज्य शाखेच्या वर्गात जेवढी बसले, जवळजवळ तेवढीच डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. तिथे जे शिकले ते कोणत्याही पेपरला येणार नाही. तेच लिहिते आहे.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला. पावसाळी भात, रताळी आणि थोडे बटाटे ही आमची पिके. घरात मराठी, बाजारात दोन्ही भाषा. माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड मी शाळेत विषय म्हणून आणि कॉलेजात मैत्रिणींबरोबर डबा खाता खाता शिकले. बाबांना बाजारापुरते कन्नड येते. भाव, वजन, अडत आणि राम राम. त्यामुळे शहरातल्या रुग्णालयात जायचे ठरले तेव्हा दुभाषी म्हणून मीच बरोबर गेले.

तपासणीचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले की रक्तात युरिया फार वाढला आहे. हा एक शब्द मात्र बाबांना दुभाष्याशिवाय कळला. ते दचकून म्हणाले, "युरिया मी रानात टाकला होता. अंगात कसा गेला?" मला हसू आले आणि लगेच लाजही वाटली. कारण प्रश्न वेडगळ नव्हता. रक्तातला युरिया आणि खताच्या पोत्यातला युरिया हा रासायनिकदृष्ट्या एकच पदार्थ. फरक एवढाच की आपण खाल्लेल्या डाळी-उसळींतल्या प्रथिनांपासून शरीर तो स्वतःच तयार करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. पण गावात ही बातमी अशी पसरली की खतामुळे किडन्या गेल्या. आठवडाभर दोन-तीन शेजारी स्वतःच्या रानाकडे संशयाने पाहत होते.

खरे कारण दुसरेच होते. बाबांना रक्तदाब होता. कधीपासून, ते कोणालाच माहीत नाही. बी.पी. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यांचा, पगारी माणसांचा आजार, अशी आमच्याकडे समजूत. कष्टकऱ्याला कसला बी.पी.! त्यात भर म्हणून कंबरदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे चालू होत्या. औते धरणारा माणूस संध्याकाळी एक गोळी घेतो आणि सकाळी पुन्हा उभा राहतो, यात कोणालाच गैर वाटत नव्हते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन मोठी कारणे आहेत, आणि अशा गोळ्या सतत घेतल्यानेही त्यांना इजा होते, हे मला त्या बाकावर बसून कळले.

मूत्रपिंड हा अवयव मुठीएवढा. एकेकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत पाठवतात आणि दीड-दोन लिटर तेवढा मूत्र म्हणून बाहेर टाकतात. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर अशी चोख पेढी दुसरी नाही. परंतु या पेढीचा एक दोष आहे. ती बुडत आली तरी पाटी खाली उतरवत नाही. मूत्रपिंडांची बहुतेक शक्ती संपेपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून तर हा आजार ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे समजून घेतला जातो. दुखत नाही, दिसत नाही. मग मन आपल्याजवळच्या गोष्टींतून त्याला आकार देते.

आता मी केलेल्या चुकीविषयी सांगते.

डॉक्टर धारवाडकडचे. शांत माणूस. त्यांनी कन्नडमध्ये मला नीट समजावून सांगितले. त्यांचे एक वाक्य अजून कानात आहे : "मूत्रपिंड शाश्वतवागि केट्टाव." म्हणजे मूत्रपिंडे कायमची बिघडली आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि ते आयुष्यभर, नाहीतर मग दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवणे. शेवटी ते म्हणाले, "अप्पागं नीनं हेळव्वा." वडलांना तूच सांग, बाळ.

बाबांना त्यातले दोन शब्द ओळखीचे लागले होते. मूत्रपिंड हा शब्द दोन्ही भाषांत एकच. आणि दुसरा 'शाश्वत'. कन्नडमध्ये तो रोजच्या वापरातला साधा शब्द आहे. कायमचा, पर्मनंट, एवढाच त्याचा अर्थ. पण बाबा माळकरी. त्यांनी हा शब्द कीर्तनातच ऐकलेला. तिथे देह नाशिवंत असतो आणि शाश्वत फक्त पांडुरंग असतो. खोलीबाहेर आल्याबरोबर त्यांनी विचारले, "काय म्हणालेत गे डॉक्टर? शाश्वत काय म्हणालेत?"

मी त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "शाश्वत गुण येईल म्हणालेत. थोडे दिवस मशीनवर यावं लागेल."

एका शब्दाच्या दोन अर्थांच्या फटीत मी खोटे लपवले. असे का केले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे रोग्याला वाईट बातमी सांगत नाहीत. आजोबांना शेवटपर्यंत सांगितले नव्हते. 'माणूस हाय खातो' असे म्हणतात. सांगणारा निर्दय आणि लपवणारा प्रेमळ, असाच आमचा हिशेब. शिवाय लेकीने बापाला "तुमचे आता असेच चालायचे" म्हणायचे? तेव्हा मला माझे खोटे बोलणे हे कर्तव्यच वाटले. आईला मात्र रात्री खरे सांगितले. ती म्हणाली, "बरं केलंस." मग आम्ही दोघींनी मिळून ते खोटे जपले.

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे वार ठरले. चार तास बाबा आत, मी बाहेर; कधी आत बोलावणे आले की मी आत. एव्हाना मी त्या खोलीची दुभाषीच झाले होते. नर्सबाईंचे कन्नड मराठी आजीबाईंना आणि आजीबाईंची तक्रार नर्सबाईंना. अशा वेळी कळले की भाषा बदलणे सोपे आहे, समजूत बदलणे कठीण.

बाबांच्या शेजारच्या खाटेवर बैलहोंगलकडचे एक लिंगायत शेतकरी असत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नसत. "किडनी फेल" हे शब्द ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारले होते की मग पुन्हा परीक्षा कधी? सगळी खोली हसली. पण अण्णांचे खरे दुःख मला नंतर कळले. त्यांना मरणाची भीती नव्हती. काम सुटल्याची होती. बसवण्णांनी शिकवलेले 'कायक', म्हणजे श्रम हीच पूजा, त्यांच्या रक्तात भिनलेले. सुई टोचायच्या हाताने ओझे उचलायचे नाही असे सांगितले तेव्हा तो त्यांना धर्मच बुडाल्यासारखा वाटला. औषधे चुकवून ते उसाच्या फडात जात. शेवटी मुलाने गावातल्या दुकानाची वही त्यांच्याकडे दिली. बसून करायचे का होईना, काम मिळाले, आणि त्यानंतर त्यांनी एकही वार चुकवला नाही.

पलीकडे शहरातल्या एक चाची होत्या. त्या म्हणत, "बीमारी से गुनाह झडते, बेटी." त्यामुळे त्या कधी कण्हत नसत, आणि कण्हत नसत म्हणून त्यांना काय होते आहे ते नर्सबाईंनाही कळत नसे. पाय वळू लागले की सांगा, असे नर्सबाई परोपरीने विनवत. सोसणे हा ज्यांच्या लेखी गुण, त्यांच्याकडून तक्रार काढून घेणे हीही एक कला आहे, हे मी नर्सबाईंकडून शिकले. २०२५ च्या मार्चमध्ये रमजान आला तेव्हा चाचींनी रोजा धरायचा हट्ट घेतला. डॉक्टरांचे त्यांनी ऐकले नाही. मग त्यांच्या मुलाने मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारून घेतले. आजाऱ्याला रोजाची सक्ती नाही, त्याऐवजी गरिबाला जेवू घालता येते, असे त्यांनी सांगितल्यावर चाची शांत झाल्या. सल्ला तोच होता. पण तो त्यांच्या घरातल्या दारातून आला.

एक गोव्याचे आजोबा होते. त्यांच्या परसात करंबळाचे झाड. आंबट फळ, पोटाला बरे, असे समजून त्यांनी चार करंबळे मिठाला लावून खाल्ली आणि त्यांना उचक्या सुरू झाल्या, बोलणे असंबद्ध झाले. निरोगी माणसाला ते फळ काही करत नाही. पण मूत्रपिंडे निकामी असली तर त्यातले विषारी द्रव्य बाहेर जात नाही आणि ते मेंदूवर परिणाम करते. वेळेवर आणले म्हणून वाचले. कोकणी घरात जे औषध म्हणून दिले, तेच विष ठरले.

आम्हीही काही कमी नव्हतो. "किडनीचं आहे" म्हटल्यावर गावातली निम्मी माणसे मुतखडाच समजली. कोणी पानफुटीची पाने आणून दिली, कोणी कुळथाचे कढण. "भरपूर पाणी प्या" हे तर प्रत्येकजण सांगे. मुतखड्याला ते खरेच चांगले; पण ज्याला लघवीच होत नाही त्याने पाणी प्यायले तर ते फुप्फुसात साठते. बाबांना दिवसाला एक लिटरच्या आत राहायचे होते. आमच्या भागात दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग चहा. ही रीत मराठी घरात आणि कानडी घरात सारखीच. बाबा कोणाकडे गेले आणि चहाला नको म्हणाले की घरधनी रुसायचा. "आमच्यात काय कमी पडलं?" मग बाबा मान राखण्यासाठी प्यायचे. मानापोटी प्यालेला तो चहा मंगळवारी वजनकाट्यावर दिसायचा.

आणि मीठ! आळणी जेवण म्हणजे आमच्याकडे शिक्षा. आईला बाबांच्या ताटात आळणी आमटी वाढताना रडू यायचे. त्याहून अवघड म्हणजे भाजी शिजवून पाणी ओतून टाकणे. बटाटा, पालेभाजी यांच्यातले पोटॅशियम कमी करायला तसे करावे लागते. पण आईला लहानपणापासून शिकवलेले की भाजीचे पाणी टाकू नये, सगळे सत्त्व त्यातच. ती म्हणायची, "सत्त्व मोरीत आणि चोथा ताटात, असलं कसलं गे पथ्य?"

या सगळ्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून मनातल्या मनात हसायची. शिकलेली ना! माझ्या स्वतःच्या खोट्याचा मला विसरच पडला होता.

दोन महिने झाले. बाबांच्या पायाची सूज उतरली, उचकी थांबली, जेवण जाऊ लागले. त्यांच्या हिशेबाने माझे 'थोडे दिवस' भरले. नोव्हेंबरात भाताची सुगी आली. ८ तारखेच्या शुक्रवारी ते म्हणाले, "आज कापणीला माणसं सांगितल्यात. पुढल्या खेपेला जाऊ." मी तोंड उघडले, पण काय सांगणार होते? खरे सांगितले असते तर आधीचे खोटे उघडे पडले असते. पुढचा मंगळवार, १२ तारीख, नेमकी कार्तिकी एकादशी. देवळात हरिनाम. एकादशीच्या दिवशी सुया टोचून घेणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. "आता गुण आलाय की. शाश्वत गुण."

त्या दिवशी त्यांनी उपवास केला. आमच्याच रानातली पहिली रताळी उकडून, शेंगदाण्याची आमटी, दोन केळी. मीठ नको म्हणून आजीने कौतुकाने सैंधव घातले. उपवासाला चालते ते आजाऱ्याला चालणारच! सैंधव झाले तरी ते मीठच, हे तिला कोण सांगणार? रताळे, शेंगदाणा, केळे या तिन्हींत पोटॅशियम भरपूर. ज्या पिकाच्या पैशावर माझी फी भरली गेली, तेच पीक त्या दिवशी बाबांच्या अंगावर उलटले. बुधवारी रात्री त्यांना उठून उभे राहता येईना. पायांतले बळच गेले. छाती धडधडत होती, श्वास लागला होता. भाडोत्री गाडीत घालून शहरात आणले. हृदयाचा आलेख पाहताच डॉक्टरांनी कॅल्शियमचे इंजेक्शन दिले आणि रात्रीच मशीन चालू केले. आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदय बंद पडले असते, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी मला विचारले, "वडलांना सांगितलं होतंस ना?"

मी काहीच बोलू शकले नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते.

दोन दिवसांनी बाबा उशीला टेकून बसले होते. आई चहा आणायला गेली होती, तिच्यापुरता. मी म्हणाले, "बाबा, शाश्वत म्हणजे गुण येणार असं नव्हतं. किडन्या कायमच्या गेल्या असं होतं. मी खोटं सांगितलं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर कोणाचे तरी नाव पुकारत होते. मग म्हणाले, "तू त्या दिवशी माझ्याकडे बघितलं नव्हतंस. मला वाटलंच होतं काहीतरी. पण तुला बरं वाटायलंय तर असू दे म्हटलं."

म्हणजे मी त्यांना सांभाळत होते आणि ते मला! आणि या सांभाळासांभाळीत जीव जायची वेळ आली होती.

मग त्यांनी विचारले, "हे मशीन नेमकं करतं काय?" मी मला कळले तसे सांगितले. रक्त बाहेर काढून गाळते, घाण आणि जादा पाणी काढते, चांगले रक्त परत देते. पण घाण रोज तयार होतेच, म्हणून पुन्हा यायचे. १९४३ साली हॉलंडमध्ये कोल्फ नावाच्या डॉक्टरने असे यंत्र पहिल्यांदा माणसावर चालवले तेव्हा त्याने लाकडी पट्ट्यांचा एक पिंप केला होता, त्यावर नळी गुंडाळली होती आणि तो पिंप द्रवात फिरत असे, हेही सांगितले. बाबा म्हणाले, "रहाटच की!" आणि थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे हे भांगलणीसारखं झालं. भांगललं म्हणून गवत यायचं थांबत नाही. आणि पुन्हा गवत आलं म्हणून भांगलण वाया गेली असं कोण म्हणत नाही. पीक हाय तोवर भांगलायचं."

मी दोन महिने ज्या सत्याला घाबरले होते ते त्यांनी एका वाक्यात आपल्या रानात नेऊन लावले. हाय खाल्ली नाही, रडले नाहीत. उलट त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी एकही वार चुकवलेला नाही. अण्णांनी विचारले, आप्पा काय म्हणाले? मी त्यांना कन्नडमध्ये सांगितले, "कळे तेगियोदु." तण काढणे. अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, बरोबर आहे. आता नवीन शेतकरी रोगी आला की नर्सबाई स्वतःच 'कळे'चा दाखला देतात. माझे दुभाषीपण त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडले, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. खरे उघड झाल्यावर मूत्रपिंड बसवण्याचा विषय निघाला. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक आपले एक मूत्रपिंड देऊ शकतात. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे. आजी लगेच म्हणाली, "बायको म्हणजे अर्धं अंगच. तिचंच लागू पडणार." रक्तगट आणि बाकीच्या तपासण्या जुळाव्या लागतात, अर्धांगिनी असल्याने काही जुळत नाही, हे मी तिला सांगितले. पण मला खटकले ते वेगळेच. आईला कोणी विचारलेच नव्हते. आजीने नाही, मामांनी नाही, मीही नाही. सगळ्यांनी गृहीत धरले होते. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या, तपासणीची वाट पाहणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. कोणी पत्नी, कोणी आई. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, ही गोष्ट जाहीरच आहे. संस्कृती केवळ रोग्याच्या समजुतीत नसते. कोणाकडून काय मागायचे आणि काय न विचारता घ्यायचे, हेही तीच ठरवते.

म्हणून एके रात्री मी आईला विचारले, "तुला खरंच द्यायची आहे काय? नको असेल तर नको म्हण." ती भांडी लावत होती. म्हणाली, "द्यायची आहे. पण विचारलंस ते बरं केलंस." तिच्या तपासण्या चालू आहेत, साखर काठावर आहे, त्यामुळे काय होईल सांगता येत नाही. बाबांचे मन अजून तयार नाही. घरात एक तरी धडधाकट माणूस राहू दे, असे ते म्हणतात. यापुढे जे ठरेल ते तिघांनी समोरासमोर बसून ठरवायचे, एवढे मात्र ठरले आहे.

वाचकहो, मी डॉक्टर नाही. पण घरातल्या चाळिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू देऊ नका. लघवीला फेस, पायांना सूज दिसली तर कारण आपल्या मनाने लावू नका. आणि कधी दुभाषी व्हायची वेळ आली तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहून खरे सांगा. आपली अडाणी म्हटलेली माणसे ते पेलण्याइतकी मोठी असतात. फक्त ते त्यांच्या रानातल्या, त्यांच्या देवळातल्या, त्यांच्या चुलीपुढच्या शब्दांत सांगावे लागते.

माझी एक मैत्रीण याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिते. तिला मी विचारले, तुमच्यात उचकी लागली की काय म्हणतात? ती म्हणाली, "यारो नेनसाकत्तार." कोणीतरी आठवण काढतंय. दोघी हसलो.

परवा जेवताना बाबांना उचकी लागली. आजीने सवयीने विचारले, "कोण आठवण काढतंय रे?" बाबा म्हणाले, "मशीन." मी उठून कॅलेंडर पाहिले. दुसऱ्या दिवशी मंगळवारच होता. घोटभर पाण्याने उचकी थांबली. तेवढे पाणी मी त्या दिवसाच्या हिशेबात मांडून ठेवले.